सहा वर्षांची साक्ष

पोशीरच्या सख्याची साक्ष ऐकली नाही असा माणूस नेरळच्या ख्रिस्ती मंडळीत शोधून सापडला नसता. दरवर्षी कापणी उरकली की पहिल्या रविवारी हा गडी नव्या तांदळाची पिशवी खांद्यावर टाकून यायचा, ती पुढच्या टेबलाशी दाणकन ठेवायचा आणि माइक मागायचा. पास्टर विकास माइक देताना जरा कां-कूं करायचे. एकदा तो सख्याच्या हातात गेला की अर्धा तास परत येत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

"आमच्या गावात कापणीच्या आधी राखण देतात," सखा सुरू व्हायचा. "बांधावरच्या दगडाला भर दुपारी कोंबडा कापतात, मग भाताला विळा लावतात. जो देत नाय त्याच्या शेतात राखणदार काठी आपटत फिरतो आणि घरातलं एक माणूस नेतो, असं म्हणतात. मी प्रभूचा झालो त्या दिवसापासून कोंबडा बंद. नेलं का कुणी माझ्या घरातलं माणूस?"

लोक हालेलुया म्हणायचे, टाळ्या वाजवायचे. शेवटच्या रांगेत चटईवर बसलेली त्याची बायको मोतीबाई तेवढी डोक्यावरचा पदर पुढे ओढून खाली बघत राहायची. एका वर्षी सभा सुटल्यावर पास्टर हसत म्हणाले होते, "सखाभाऊ, तुमच्या साक्षीत प्रभूचं नाव दोनदा आलं आणि तुमचं वीसदा." सख्यानेही हसून घेतलं. थट्टा आहे असं त्याला वाटलं, दुसरं काय.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. खोपोलीच्या एका कारखान्यात त्याची तीस वर्षं गेली, आणि त्यातली निम्मी त्याने दारूत घालवली. बरोबरच्या एका कामगाराने त्याला सभेला नेलं, तिथे हा रडरड रडला, आणि बाटली सुटली ती सुटलीच. मोतीबाईने त्याच्याबरोबरच बाप्तिस्मा घेतला. गावाने चार दिवस तोंडं वाकडी केली, मग आपल्या कामाला लागलं. तेव्हापासून सख्याच्या सहा कापण्या झाल्या होत्या आणि सहा साक्षी.

सातवी कापणी आली तेव्हा मोतीबाई कर्जतला दवाखान्यात होती. गणपतीनंतर शेतातलं तण काढायला पाण्यात उतरायची, पायाला कुठे चिरलं होतं म्हणे. आधी साधा ताप म्हणून अंगावर काढला. मग डोळे हळदीसारखे पिवळे झाले. डॉक्टरांनी रक्त तपासून साचल्या पाण्यातून होणारा लेप्टो सांगितला, किडनीवर ताण आलाय म्हणाले आणि सलाइन लावली. सखा चार दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर होता. पाचव्या दिवशी सकाळी गुराला चारा आणि कोंबड्यांना दाणे टाकायला म्हणून तो टमटमने घरी आला, तर ओट्यावर चांगो बसलेला.

चांगो म्हणजे त्याचा चुलतभाऊ, बांधाला बांध लागून त्याचं शेत. मनाने भोळा आणि सख्याला फार मानणारा. त्याने वहिनीची चौकशी केली, डोळे पुसले, आणि मग अगदी सहज विचारलं, "दादा, उद्या राखण हाय. तुमचा कोंबडा कोणचा धरू?"

"कसला कोंबडा?"

"दरवर्षीचा. वहिनी आदल्या दिवशी पाटीखाली झाकून ठेवत्या, मी नेतो. यंदा त्या घरात नायत, म्हणून इचारतो."

सख्याच्या हातातलं दाण्याचं सूप तसंच राहिलं. पायाशी कोंबड्या गोळा होऊन ओरडत होत्या, त्याही त्याला ऐकू येईनात. त्याचा चेहरा बघून चांगोच घाबरला.

"तुमाला ठाऊक नाय? मला वाटलं तुमीच सांगितलं असंल," तो चाचरत म्हणाला. "तुमचा आता धर्म निराळा, तुमच्या हातानं बरं दिसणार नाय, म्हणून माझ्या हातानं. सहा वर्षं देतोय की मी. तुमच्या नावानं."

असं म्हणून तो बिचारा उठून गेला. सखा तिथेच ओट्यावर बसला. नेरळच्या सभेतला एकेक हालेलुया त्याच्या कानात वाजू लागला आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या दगडाला काही दिलं नाही म्हणून तो छाती काढून सांगत होता, त्या दगडाला त्याच्याच नावाने दर साल पोचत होतं. मग त्याचं घर राखलं कुणी? हा प्रश्न मनात आला आणि उत्तराची वाट न बघता तो चप्पल घालून तडक शेताकडे निघाला. आज त्या बांधावर उभं राहून मोठ्याने प्रार्थना करायची, सोक्षमोक्ष लावायचा, असं त्याच्या डोक्यात होतं.

ऑक्टोबरातलं ऊन. माथेरानचा डोंगर समोर स्वच्छ दिसत होता आणि भात पिकून पिवळं झालं होतं. वाऱ्याची झुळूक म्हणून नव्हती. बारा वाजायला आले होते, रानात चिटपाखरू नव्हतं. सखा बांधावर चढला आणि चार पावलं गेला असेल नसेल, उजव्या हाताचं भात हललं.

हललं म्हणजे काय, तर बांधाच्या कडेची एकच ओळ वाकत गेली. बाकीचं शेत जिथल्या तिथे स्तब्ध. कुणी काठाकाठाने चालत जावं आणि त्याच्या धोतराला लागून लोंब्या वाकाव्यात, तशा त्या एकामागून एक वाकल्या. वाकल्या त्या पुन्हा उठल्या नाहीत.

मग आवाज आला. ठक. थोडं थांबून पुन्हा ठक. काठी टेकत चालल्याचा आवाज. सख्याने पायाखाली बघितलं. बांध अजून ओला होता, चप्पल रुतत होती. त्या मातीवर काठी टेकली तर आवाज होणारच नाही, आणि हा तर फरशीवर टेकल्यासारखा खणखणीत येत होता.

सख्याने घसा साफ केला आणि हात वर करून, सभेत करायचा तशी मोठ्या आवाजात प्रार्थना सुरू केली. आवाज थांबला. सखाही थांबला. कुणीतरी कान देऊन ऐकतंय असं त्याला वाटलं. त्याची प्रार्थना नीट शेवटपर्यंत ऐकून घेतली गेली, आमेन झालं, आणि मग काठी परत टेकली. या खेपेला त्याच्या पाठीमागे, हातभर अंतरावर.

सखा पळाला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, एक चप्पल बांधावर टाकून, पोटरीभर चिखलातून पडत धडपडत रस्त्याला लागला. वाटेत फोन वाजला. पास्टर विकासचं नाव दिसलं तसा त्याने तो बंद करून खिशात घातला.

दुपारी दवाखान्यात पोचला तेव्हा भीतीचा राग झाला होता. असं होतंच माणसाचं. मोतीबाई जागी होती. ओठ सुकलेले, हात सुजलेला. तिची दशा बघूनही त्याच्याने राहवलं नाही.

"कुणाला इचारून देत व्हतीस कोंबडा?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "माझं तोंड काळं केलंस."

मोतीबाईने त्याच्याकडे बघितलं. मग त्याच्या पँटीकडे, जिच्यावर गुडघ्यापर्यंत चिखल वाळला होता.

"त्या बांधावरनं तुमी कधी चाललात, सांगा," ती म्हणाली.

"खालनं वाट बरी हाय."

"खालनं चिखल हाय, अवो. सहा वर्षं तुमी चिखलातनं जाता. बांधावर पाय म्हणून ठेवला नाय. सभेत येवढं बोलायचा, आणि घरी येऊन झोपेत दचकायचा. मला दिसत नव्हतं का?" दम लागला म्हणून ती थांबली. "तुमी तोंडानं नाय म्हणायचा, म्हणून मी गुमान देऊन टाकायची. तेवढीच तुमच्यामागची पीडा टळंल म्हणून."

 इतकी वर्षं आपण कुणाला फसवत होतो ते सख्याला आता कळत होतं. मंडळी फसली होती, गावही फसलं असेल. बायको तेवढी फसली नव्हती.

"यंदा राहिला," मोतीबाई म्हणाली आणि तिचा आवाज बदलला. "कालपासनं तो येतो. पायथ्याशी उभा राहतो, तिथं. काय बोलत नाय. नुसता उभा. तुमी आला की बाजूला व्हतो. उद्या राखण हाय ना? द्या अवो. येकदाच द्या. मला न्यायला आलाय तो."

खाटेच्या पायथ्याशी लोखंडी स्टूल होतं आणि भिंत होती. सख्याने तिकडे बघितलं आणि पटकन नजर काढली. ताप चढला की माणसाला भलतंसलतं दिसतं, असं सिस्टर म्हणाली. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र आणि उद्याचा दिवस महत्त्वाचा, औषध चालू आहे, बघू. सख्याने ती रात्र बाकड्यावर काढली. प्रार्थना करायला बसला की त्याचे स्वतःचेच शब्द त्याला ऐकू यायचे, माइकवरून आल्यासारखे, आणि तो गप्प व्हायचा.

सकाळी मोतीबाईने एवढंच विचारलं, "देताय ना?" तो हो म्हणाला.

आणि हे हो खोटं नव्हतं, ऐका. तो घरी गेला, तांबडा कोंबडा धरला, त्याचे पाय सुतळीने बांधले, पिशवीत घातला आणि खुंटीवरचा कोयता घेतला. चांगोच्या हातात द्यावा असं क्षणभर मनात आलं होतं. पण बायको मरणाच्या दारात असताना दुसऱ्याच्या आड लपायची त्याला लाज वाटली. देवाची लाज म्हणाल, तर ती केव्हाच सुटली होती. माझी मोती जगू दे, मग मी कुणाचा का होईना, असं म्हणत तो बाराच्या उन्हात बांधावर चढला.

काल काठी पाठीमागून आली होती. आज ती बरोबरीने चालू लागली. तो एक पाऊल टाकायचा, ती एकदा टेकायची. कालच्यासारखी अंगावर आली असती तर तो पळाला तरी असता. पण हे चालणं ओळखीच्या माणसाचं होतं, बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या सोयऱ्याचं. चला, बरं झालं आलात, असं म्हणणारं. सख्याच्या मानेवरून घामाचा थेंब ओघळला तो थंडगार होता.

बांधावरच उंबराखाली दगड होता. नुकताच चांगो येऊन गेला असावा. शेंदूर ताजा होता, ओला चमकत होता, आणि शेजारी पिसं पडली होती. सखा गुडघ्यांवर बसला, पिशवीतून कोंबडा काढला, डाव्या हाताने मान दगडावर दाबली. पिसांखाली कोंबड्याचं काळीज धडधडत होतं ते त्याच्या तळव्याला लागत होतं. त्याने कोयता उचलला. काठी थांबली. कानाच्या इतक्या जवळ थांबली की कुणाच्या तरी अंगाचा वास आला. भिजलेल्या घोंगडीचा आणि जुन्या रक्ताचा.

सख्याला वाटलं, आता प्रभू जाणार. ही वेळ. माझ्या हातात कोयता, गुडघे दगडापुढे, तोंडात खोट्या साक्षी. आता तो पाठ फिरवणार आणि जाणार, आणि जायलाच हवा. आपण मरायला टेकलेल्या माणसाच्या श्वासाकडे कान लावून बसतो ना, तसा सखा प्रभूच्या जाण्याची वाट बघत राहिला. डोळे मिटलेले, हात वर, खांदा भरून आलेला.

तो गेला नाही.

हे सख्याला कसं कळलं ते विचारू नका. पुढे पास्टरनी विचारलं तेव्हा त्यालाही धड सांगता आलं नाही. उजेड पडला नाही, आवाज आला नाही. इतकंच कळलं की जाणार होता तो गेलेला नाही. माइक हातात नसताना, तांदळाची पिशवी नसताना, नाकातून पाणी गळत असताना, सख्यात राखून ठेवण्यासारखं काही एक उरलेलं नसताना तो तिथेच आहे. कृपा म्हणून जे इतके दिवस ऐकलं होतं ते हे होय, असं सख्याच्या मनात आलं, आणि त्याला रडू फुटलं. पहिल्या सभेत रडला होता त्यानंतर तो आजच रडला. मधली सगळी वर्षं तो नुसता बोलत होता.

कोयता खाली आला तो मातीत. सुतळी कापली तसा कोंबडा पंख फडफडवत दगडावरून उडाला, उंबराच्या बुंध्याशी उभा राहिला आणि भर दुपारी आरवला.

काठी पुन्हा टेकली. ठक. ती काही गेली नव्हती, बरं का.  पण सख्याने हात वर केला नाही, दरडावलं नाही, मोठ्याने काही म्हटलं नाही. "मला भीती वाटते," असं तो हळूच म्हणाला, आणि ते तो काठीला म्हणत नव्हता. मग उठला आणि बांधावरूनच चालू लागला, खालच्या वाटेला न उतरता. आवाज पाठीमागे येत होता. चांगोच्या शेतापर्यंत आला, रस्त्यापर्यंत आला, कदाचित त्याच्याही पुढे आला असेल. सख्याने त्याच्याकडे कान देणं सोडलं होतं.

चांगो रस्त्यावर उभा होता. त्याने रिकामा हात बघितला, कोरडा कोयता बघितला.

"दिला नाय?"

"नाय."

"दादा, अवो, वहिनी तिकडं..."  सख्याने चांगोच्या खांद्यावर हात ठेवला आणि टमटममध्ये बसला.

आणि खरी परीक्षा त्या दगडापाशी झाली असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. ती दवाखान्यात व्हायची होती. सखा आत गेला तेव्हा ऊन कलंडलं होतं. मोतीबाईच्या नाकाला नळी लावलेली. तिने डोळे उघडले आणि त्या पिवळ्या डोळ्यांत एकच प्रश्न होता.

"दिला?"

हो म्हणायला काय लागत होतं. एक शब्द. तिला शांत झोप लागली असती, डॉक्टरही म्हणत होते की पेशंटने धीर सोडता कामा नये. नाही म्हटलं आणि ती घाबरून गेली, तर?  बाहेर व्हरांड्यात, फरशीवरून, काठी टेकत कुणीतरी येत होतं. दवाखान्यात काठीवाली म्हातारी माणसं दहा असतात. आवाज दारापर्यंत आला आणि दाराशी थांबला. मोतीबाईची नजर सख्यावरून सरकून दाराकडे गेली.

सखा स्टुलावर बसला, ते पायथ्याचं लोखंडी स्टूल ओढून, आणि त्याने तिचा सुजलेला हात धरला.

"नाय दिला," तो म्हणाला. "द्यायला गेलो व्हतो. कोंबडा नेला, मान धरली, कोयता उचलला. सगळं केलं. तुझ्यासाठी देणारच व्हतो. मग नाय देता आला."

 नळीतून हवेचा आवाज येत राहिला.

"माझ्या साक्षी खोट्या व्हत्या, मोती. मी कधीच धीट नव्हतो. तिथं बसलो तेव्हा मला वाटलं, आता तो मला टाकणार. त्यानं टाकलं नाय. कोयता हातात असताना पण नाय. येवढंच हाय माझ्याकडं. तू बरी व्हशील का, ते मला ठाऊक नाय."

"भ्यालात?" तिने विचारलं.

"लय. आता पण भेतोय. दाराकडं बघायला व्हत नाय मला."

मोतीबाईच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी आलं आणि कानाकडे ओघळलं. तिची बोटं त्याच्या मनगटाभोवती हळूहळू आवळली गेली. अंगात ताकद नव्हती, तरी आवळली.

"सहा वर्षं," ती म्हणाली, "त्या घरात मी येकटीच भेत व्हते."

सख्याने मान खाली घातली. मग ती म्हणाली, "प्रार्थना करा. ती सभेतली नको."

सख्याने डोळे मिटले.  सिस्टर येऊन सलाइन बघून गेली, पलीकडच्या खाटेवरचं माणूस खोकलं. मग तो अगदी हलक्या आवाजात, खाटेच्या पलीकडे जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात म्हणाला, "प्रभू, आमी दोघं भ्यालोय." पुढे त्याला काही सुचलं नाही. मोतीबाई म्हणाली, "आमेन," आणि त्याचं मनगट तसंच धरून ठेवून तिने डोळे मिटले.